डांबर बौद्धवाडीच्या अलीकडेच का संपते?

मुंबईहून रात्री सुटलेली गाडी पहाटे नांदगाव तिठ्यावर थांबते. कणकवली तालुक्यातला हा तिठा सिंधुदुर्गात सर्वांना ठाऊक आहे. मुंबई-गोवा महामार्गावरून देवगडचा रस्ता इथे फुटतो. देवगडचा हापूस याच वाटेने बाहेर पडतो आणि फोंडाघाट चढून राधानगरी, निपाणीकडे जाणारी वाहतूकही याच पट्ट्यातून जाते. थोडे उत्तरेला तळेरे, तिथून वैभववाडी, करूळ घाट आणि कोल्हापूर. गावाच्या नावाचे रेल्वे स्टेशनही आहे. नकाशा पाहणाऱ्याला वाटेल, या भागातल्या माणसाला दळणवळणाची काय अडचण असणार?

अडचण तिठ्यावर उतरल्यानंतर सुरू होते. रिक्षावाला विचारतो, कुठे जायचे? आपण वाडीचे नाव सांगतो. तो म्हणतो, "थंयसर गाडी जाणा नाय, शाळेकडे सोडतंय." शाळेपर्यंत डांबर आहे. तिथून पुढे गडग्यामधली पाणंद, मग कुणग्याचा बांध, मग व्हाळ, व्हाळावर साकव असला तर साकव नाही तर दगड, आणि मग चढण. चढणीच्या माथ्यावर आमची माणसे राहतात. नांदगाव पंचक्रोशीतल्या ज्या वाडीबद्दल मी हे लिहितो आहे तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथली रस्त्याची फाईल अजून हलते आहे आणि उद्या तिथल्याच एखाद्या म्हाताऱ्याला कुणी जाब विचारायला नको. पण कोकणातल्या बौद्ध वाचकाने आपल्या वाडीचे नाव इथे घालून वाचले तरी चालेल. फारसे काही बदलावे लागणार नाही!

मी स्वतः त्या चढणीवरून माणूस खाली आणला आहे. जुलैचा महिना होता. माझ्या चुलत्यांच्या छातीत रात्री दुखू लागले. प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले, वरून इरले धरले आणि आम्ही चौघांनी त्यांना व्हाळापर्यंत आणले. व्हाळाला पाणी आले होते. अर्धा तास पाणी उतरायची वाट पाहिली. माणूस वाचला, म्हणून ही गोष्ट आज घरात हसत सांगितली जाते. वाडीत अशा दोन गोष्टी आहेत ज्या हसत सांगितल्या जात नाहीत.

आता प्रश्न असा, की रस्ता का नाही? निधी नाही म्हणून? हे उत्तर आपण इतकी वर्षे ऐकत आलो आणि खरेही मानत आलो. पण दलितवस्ती सुधार योजना 1974 पासून या राज्यात आहे. तिचे आजचे लांबलचक नाव 'अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे' असे आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजना 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. डोंगरी विकास कार्यक्रम 1990 पासून आहे. मुख्यमंत्री ग्रामसडक योजना 2015 ची. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, ते वेगळेच. म्हणजे योजना पाच आणि रस्ता शून्य. तेव्हा गोम दुसरीकडे आहे.

पहिली गोम या योजनांच्या मापातच आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत वस्ती पात्र ठरायला मैदानी भागात पाचशे लोकसंख्या लागते, डोंगरी राज्यांत आणि आदिवासी क्षेत्रांत अडीचशे. 2024 साली मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही मूळ माप तेच राहिले. आता डोंगरी म्हणजे कोण? हिमालयातली आणि ईशान्येकडची राज्ये. सह्याद्रीच्या पायथ्याचा कोकणी माणूस या हिशेबात मैदानात राहतो! ज्याने करूळ किंवा फोंडा घाट एकदा पायी उतरला आहे त्याला हे मैदान दाखवावे. शिवाय कोकणातली वस्ती देशावरच्या गावासारखी एका ठिकाणी गोळा झालेली नसते. एका गावात दहा-पंधरा वाड्या आणि प्रत्येक वाडी आपापल्या उतारावर. बौद्धवाडी त्यात बहुतेक सर्वांत लहान आणि सर्वांत टोकाला. बारा-पंधरा घरे, साठ-सत्तर माणसे, त्यातली निम्मी मुंबईला. दलितवस्तीच्या योजनेतही रक्कम वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यावर ठरते. माणसे कमी तर पैसे कमी. पण रस्त्याचा खर्च माणसांवर ठरत नाही, लांबीवर आणि चढावर ठरतो. मोरी घालावी लागेल की नाही यावर ठरतो. पंधरा घरांच्या वाडीला मिळणाऱ्या रकमेत तिथल्या व्हाळावरची एक मोरीसुद्धा धड होत नाही. मग त्या रकमेतून काय होते? पन्नास मीटर काँक्रीट, तेही वाडीच्या आत. वाडीत काँक्रीट आणि वाडीला वाट नाही, असे दृश्य मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. मोटारसायकल शाळेकडे लावायची आणि पायी घरी जाऊन काँक्रीटवरून फिरायचे.

दुसरी गोम मापाची नाही, मालकीची आहे, आणि खरे दुखणे तेच आहे.

शाळेपासून वाडीपर्यंतची पाणंद ज्या जमिनीतून जाते ती जमीन आमची नाही. कधीच नव्हती. कोकणात खोती होती. खोताच्या जमिनीत कूळ राबत होते आणि गावाबाहेर महारवाडा होता. बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते कोकणच्या याच दुखण्यावर. ते विधेयक तेव्हा पुढे जाऊ दिले गेले नाही. खोती कायद्याने गेली ती 1949 साली. पण खोती गेली तेव्हा जमीन कुळांच्या नावावर लागली आणि आमच्यातले फार थोडे कुळात मोजले गेले. महारकीच्या वतनाच्या जमिनीचे काय झाले, ते 1958 च्या वतन निर्मूलन कायद्यानंतर कुणाच्या ताब्यात राहिल्या, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढेच लक्षात घ्यायचे की घर आमचे, त्याखालची गुंठा-दोन गुंठे जागा कशीबशी आमची, पण घराच्या चारी बाजूंची जमीन दुसऱ्याची. पाय उचलला की दुसऱ्याच्या हद्दीत!

गंमत पाहा. गावगाड्यात महाराची कामे कोणती होती? सरकारी निरोप नेणे, खजिन्याबरोबर चालणे, वेशीवर पहारा, गावाच्या हद्दी दाखवणे आणि आल्यागेल्या मुलखी माणसाला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे. सगळ्या गावाची वाट ज्याला पाठ, त्याच्या घराला मात्र वाट नव्हती.

आता कुणी म्हणेल, आज कोण अडवतो? खरे आहे, कुणी अडवत नाही. आमच्या वाडीच्या वाटेवर ज्यांची जमीन आहे ते गृहस्थ मला काका म्हणून हाक मारण्याइतके जवळचे आहेत. रस्त्याचे काढले की म्हणतात, "पायवाट आसा मा? जावा की, कोण अडवता? रस्तो कित्याक होयो?" हे बोलणे गोड आहे आणि त्याच गोडीत पेच आहे. पायवाट चालू देणे ही मेहेरबानी आहे. संमतीपत्रावर सही करणे म्हणजे हक्क देणे आहे. मेहेरबानी हवी तेवढी मिळते, सही मिळत नाही.

हा फरक कायद्याने किती महागात पडतो ते आपल्या लोकांनी नीट समजून घेतले पाहिजे. 1882 चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदा सांगतो की एखादी वाट वीस वर्षे अखंड, उघडपणे आणि हक्क म्हणून वापरली तर ती वाट वापरणाऱ्याचा कायम हक्क होतो. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या पाणंदीने गेल्या आहेत. मग हक्क झाला ना? नाही! कारण परवानगीने वापरलेली वाट कितीही वर्षे वापरली तरी हक्क होत नाही. समोरचा कोर्टात एवढेच म्हणतो की हे लोक आमच्या परवानगीने जातात. आणि आमचा आजा, पणजा खरोखरच दरवेळी विचारून, वाकून, "जातंय हां बाबानू" म्हणूनच गेलेला असतो. ज्या लाचारीने त्याला जगायला भाग पाडले तीच लाचारी आज नातवाच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहते.

बाकीचे कायदेही पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 143 आहे, त्याखाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो. पण तो शेतजमिनीत जाण्यासाठी, आणि मागणाऱ्याच्या नावावर सातबारा हवा. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली अडवलेली वाट मोकळी करून घेता येते, पण तीही शेताला जाणारी, आणि वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. म्हणजे शेताला वाट मागायची सोपी सोय आहे. ज्याच्याकडे शेत नाही, फक्त घर आहे, त्याने दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षे खेटे घालावेत. भूमिहीन माणसाला रस्ता लागत नाही, अशी या कायद्यांची समजूत दिसते.

आणि संविधान? अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द आहे, हे किती जणांच्या लक्षात असते? जातीच्या कारणाने कुणालाही रस्त्याचा वापर नाकारता येणार नाही. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात रस्ता आणि वाट आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याची 2015 साली दुरुस्ती झाली, तिच्यात कलम 3 मध्ये अनुसूचित जातीच्या माणसाला रस्ता वा वाट वापरण्यापासून अडवणे हा स्पष्ट गुन्हा म्हणून लिहिला गेला. पण अनुच्छेद 15 जो रस्ता म्हणतो तो सरकारी पैशातून राखलेला किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेला रस्ता. आमची पाणंद कागदावर तशी आहे का? ती ग्रामपंचायतीच्या 23 नंबरच्या नमुन्यात, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत, आहे का? नसेल तर संविधानाचे बोट धरायला तिथे काही उरत नाही. महाडच्या तळ्याच्या वेळी सार्वजनिक की खाजगी हाच वाद प्रतिपक्षाने कोर्टात उभा केला होता, हे विसरू नये. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब पाण्यापाशी गेले. तळे चौधरी मंडळींच्या मालकीचे नाही, नगरपालिकेचे आहे, हा निकाल हायकोर्टातून मिळायला 1937 साल उजाडले. दहा वर्षे! तळ्याच्या जागी आज पाणंद आहे आणि वाद तोच आहे.

बाबासाहेबांना प्रवासाने जे शिकवले तेही आठवले पाहिजे. 1901 साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. चांगले कपडे घातलेली पोरे पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि जात कळताच तो मागे सरला. एकही गाडीवान त्यांना घेईना. शेवटी दुप्पट भाडे दिले, गाडी मुलांनीच हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. 1929 साली, बॅरिस्टर झाल्यावर, चाळीसगावला पुन्हा तेच. टांगेवाले त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार नाहीत, म्हणून आपल्यातल्याच एका नवख्या माणसाने लगाम धरला. नदीच्या मोरीवर चाक दगडात अडकले आणि बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. हा प्रसंग आपण विटाळाची गोष्ट म्हणून सांगतो. ती वाहनाची आणि रस्त्याचीही गोष्ट आहे. रस्ता असून बसायला गाडी नाही ही तेव्हाची स्थिती. आज कुठल्याही गाडीत बसू शकतो, पण गाडी दारापर्यंत येणार कुठून?

गाडीवरून आठवले. एसटीने 2022 साली पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास दिला, 2023 साली महिलांना अर्धे तिकीट दिले. चांगले झाले. आमच्या वाडीतली ऐंशी वर्षांची म्हातारी मोफत प्रवासाला पात्र आहे. पण गाडी जिथे थांबते तिथपर्यंत ती उतरू शकत नाही. पावसात रस्ता खचला की आगार आधी आतल्या फेऱ्या बंद करते, आणि बंद झालेली फेरी रस्ता दुरुस्त झाल्यावर आपोआप सुरू होत नाही, तिच्यासाठी पुन्हा निवेदन द्यावे लागते. सवलत तिकिटावर आहे, गाडीवर नाही. याच जिल्ह्यात 9 ऑक्टोबर 2021 ला चिपीला विमान उतरले. विमानाला माझा विरोध नाही, धावपट्टीला जमीन मिळते आणि पाणंदीला मिळत नाही एवढेच म्हणणे आहे.

दुरुस्तीचे म्हणाल तर कोकणात तिचेही एक पंचांग आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याची लाल माती पाणी पिते. रस्त्याला गटार नसेल, मोरी तुंबलेली असेल, तर पाणी रस्त्यावरूनच वाहते आणि एका पावसात डांबराचे पापुद्रे सुटतात. हे इंजिनियरला कळते, गाववाल्यालाही कळते. तरीही पैसे मार्चअखेर सुटतात, डांबर मे महिन्यात पडते आणि गटाराला पैसे उरत नाहीत. मग भाद्रपदात गणपती येतो. चाकरमानी यायच्या आधी खड्ड्यात खडी आणि माती लोटतात, रोलर एकदा फिरतो. आमची माणसे गणपतीला येत नाहीत. ती जयंतीला येतात, एप्रिल-मेमध्ये. तोपर्यंत खडी उडून गेलेली असते, आणि नवे डांबर पडायचे असते ते मुख्य वाडीपर्यंत!

महामार्गाची कथा तर सर्वांना माहीत आहे. चौपदरीकरण 2011 साली पनवेलकडून सुरू झाले आणि त्यानंतर किती मंत्री, किती तारखा आल्या-गेल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला, एसटीच्या गाड्या माणसांसकट गेल्या. सिंधुदुर्गातला टप्पा त्या मानाने लवकर उरकला. घाटांचे हाल मात्र संपत नाहीत. करूळ घाट नूतनीकरणासाठी जानेवारी 2024 मध्ये बंद केला तो वर्षाहून अधिक काळ बंद होता, आणि कोल्हापूरला जाणाऱ्या रुग्णाला फोंडा किंवा भुईबावड्याने वळसा घालावा लागला. या सर्वांवर वर्तमानपत्रे भरभरून लिहितात, आमदार-खासदार बोलतात, हायकोर्टात याचिका होतात. कारण त्या रस्त्याने सर्वच जातात. ज्या अर्ध्या किलोमीटरने फक्त आम्ही जातो त्यावर कोण लिहिणार? आपणच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. प्रत्येक अडलेला रस्ता जातीनेच अडलेला नसतो. कोकणात जमिनीचे वाटप होत नाही. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार, त्यातले अर्धे मुंबईत, काही वारलेले आणि वारसनोंद नाही. सर्वांच्या सह्या आणायच्या म्हटले तर मराठा, कुणबी, गाबीत वाड्यांचेही रस्ते अडतात, अडलेले आहेत. पण त्यांच्या वाडीचा रस्ता अडला की सोयरीक आहे, भावकी आहे, देवस्थानच्या बैठकीत विषय निघतो, कुणी तरी कुणाच्या तरी मामाला सांगून सही आणतो. आमच्याकडे यातले काही नाही. आमच्याकडे फक्त अर्ज आहे. जात इथे लाठी घेऊन उभी नसते, ती फक्त मदतीला येत नाही.

आणि आपल्याकडेही बोट दाखवले पाहिजे. मुंबईची आपली मंडळे विहारासाठी लाखांनी वर्गणी जमवतात. जमवावी, विहार हवेच. पण माझ्या माहितीतल्या एका वाडीत विहाराची फरशी बदलायला पैसे निघाले आणि वाटेच्या मोजणीची फी कुणी भरायची यावर दोन सभा मोडल्या. एका ठिकाणी रस्ता आमच्याच भावाच्या परड्यातून जाणार होता, त्याने सही दिली नाही, का तर मंडळाचा अध्यक्ष दुसऱ्या गटाचा! दलितवस्तीचा निधी मंजूर झाला की काम कुठे होते हे पाहायला आपले कुणी जागेवर जात नाही. मग बौद्धवाडीच्या नावाचे डांबर बौद्धवाडीकडे 'जाणाऱ्या' रस्त्यावर, म्हणजे शाळेच्या अलीकडे, दुसऱ्याच्या दारात पडते आणि कामाच्या पाटीवर नाव आपले राहते. डिसेंबर 2020 मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. काही वाड्या कागदावर समतानगर, भीमनगर झाल्या. नवी पाटी बहुतेक ठिकाणी डांबर संपते तिथेच लागली आहे.

तेव्हा करायचे काय? मोर्चाआधी कागद. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन 23 नंबरच्या नोंदवहीची नक्कल मागावी. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, टाळाटाळ करतील तर 2005 च्या माहिती अधिकाराखाली मागावी. वाडीची वाट त्यात नसेल तर नोंद घेण्याचा ठराव 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत लेखी मांडावा आणि तो इतिवृत्तात आला की नाही हे सही करण्यापूर्वी वाचावे. नोंद झाली की ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली अडथळा काढण्याचे काम ग्रामपंचायतीचे होते, आपण हात जोडत फिरायची गरज राहत नाही. जुन्या गावनकाशात पाणंद तुटक रेषेने दाखवलेली असते, ती भूमी अभिलेख कार्यालयातून काढून आणावी. अनेकदा वाट सरकारी असते आणि गडगा पुढे सरकलेला असतो. पंतप्रधान ग्रामसडकचा रस्ता असेल तर त्याच्या पाटीवर पाच वर्षांच्या देखभालीची मुदत आणि ठेकेदाराचे नाव असते, खड्डा पडला की त्या मुदतीत लेखी तक्रार करावी. आणि जिथे वाट पिढ्यांपासून वापरात आहे तिथे म्हाताऱ्या माणसांचे जबाब आताच लिहून घ्यावेत, ती जिवंत आहेत तोवर. त्या जबाबात 'परवानगीने' हा शब्द चुकूनही येता कामा नये.

आमच्या वाडीत हे काम गेल्या मे महिन्यात सुरू झाले. चुलत्यांचा जबाब पहिला. लिहिणाऱ्या पोराने विचारले, "काका, तुम्ही त्या वाटेन कसे जायचात?" ते म्हणाले, "इचारून जायचंव." सगळे गप्प झाले. पोराने पेन थांबवले. मग म्हाताऱ्याने थोडा विचार करून सांगितले, "इचारायचा ता तेंका बरा वाटाचा म्हणान. वाट आमचीच होती." पोराने दुसरे वाक्य लिहिले. नकाशाच्या नकलेसाठी अर्ज दिला आहे, नक्कल यायची आहे.